गोल्फ स्विंगचा वेग शरीरातून कसा येतो : हौशी खेळाडूसाठी बारा आठवड्यांचा आराखडा

पीजीए टूरवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांच्या मालिकेतल्या, खेळाडूचा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) चेंडूला भिडतो तेव्हा क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या टोकाच्या डोक्याचा, वेग सरासरी ताशी ११३ ते ११५ मैल असतो, म्हणजे साधारण १८२ ते १८५ किलोमीटर. हौशी पुरुष खेळाडूचा वेग ९३ मैलांच्या आसपास, आणि एलपीजीए या महिलांच्या मालिकेतल्या व्यावसायिकांचा ९४. म्हणजे रविवारी खेळणारा पुरुष आणि जगातल्या उत्तम महिला खेळाडू क्लब जवळजवळ सारख्याच वेगाने फिरवतात. तरीही त्या खूप लांब मारतात, कारण चेंडू दर वेळी क्लबच्या मध्यावर बसतो.

म्हणून व्यायामाकडे वळण्याआधी एक हिशेब करून घ्या. चेंडूच्या वेगाला क्लबहेडच्या वेगाने भागलं की जो आकडा येतो त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त १.५ च्या आसपास जातो. समजा तुमचा वेग ९३ मैल आहे आणि स्मॅश फॅक्टर १.३५. चेंडू सुमारे १२५ मैल वेगाने निघेल. फटका मध्यावर बसून हाच आकडा १.४५ झाला तर चेंडू जवळजवळ १३५ मैलांनी निघेल. स्मॅश फॅक्टर १.३५ वरच ठेवून एवढी वाढ मिळवायची तर क्लबहेडचा वेग जवळपास ७ मैलांनी वाढवावा लागेल, आणि तो महिन्यांचा घाम आहे. तेव्हा आकडा १.४ च्या खाली असेल तर आधी कोचकडे जा. या लेखाचा पुढचा भाग तोवर थांबेल.

ज्यांचा फटका बऱ्यापैकी मध्यावर बसतो त्यांना मात्र वेगाचं मोल मोठं आहे. ढोबळ मानाने क्लबहेडचा एक मैल वेग वाढला की ड्रायव्हर अडीच यार्ड लांब जातो. पाच मैल वाढले तर बारा-तेरा यार्ड, म्हणजे दुसऱ्या फटक्याला सातऐवजी आठ नंबरचं आयर्न, जे चेंडू जास्त उंच आणि कमी लांब मारतं. हिरवळीवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू थांबवणं त्याने किती सोपं होतं, हे प्रत्येक खेळणाऱ्याला ठाऊक आहे.

शरीराची ताकद आणि फटक्याची लांबी यांचं नातं किती थेट आहे, हे भारतीयांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये पाहिलं. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात अदिती अशोक स्पर्धेच्या काही आठवडे आधी कोविडमधून उठली होती, अंगातली ताकद कमी झाली होती आणि फटके आखूड पडत होते. अमेरिकेच्या नेली कोर्डासारख्या खेळाडू तिच्या कितीतरी पुढे चेंडू टाकत होत्या. त्या अंतरावरून लांबलचक क्लबने हिरवळ गाठत आणि अप्रतिम पटिंग (हिरवळीवर चेंडू छिद्रात ढकलणं) करत अदितीने चौथा क्रमांक मिळवला. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. वेग नसतानाही किती वर जाता येतं, आणि वेग नसला की बाकीच्या खेळावर किती भार पडतो, दोन्ही तिथे दिसलं.

वेग कुठून निघतो

बॅकस्विंगच्या (क्लब मागे-वर नेण्याच्या) टोकापासून चेंडूपर्यंत क्लब यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात साधारण दोनशे ग्रॅमचं क्लबहेड शून्यापासून ताशी दीडशे किलोमीटरवर न्यायचं आहे. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा: जेवढं बल आणि जेवढ्या लांब मार्गावर ते लावलं, तेवढी ऊर्जा. वेग वाढवायचे मार्ग त्यामुळे मोजकेच आहेत. वळण मोठं करून मार्ग लांबवा, स्नायूंची ताकद वाढवून बल वाढवा, किंवा ते बल पाव सेकंदाच्या आत बाहेर काढायला शिका. यातलं तिसरं बहुतेक जण विसरतात. शंभर किलो सावकाश उचलणारा माणूस तेच बल झटक्यात लावू शकेलच असं नाही.

आणि हे बल हातांतून सुरू होत नाही. चांगल्या स्विंगमध्ये आधी कंबरेखालचा भाग चेंडूच्या दिशेने वळायला लागतो, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. प्रत्येक भाग वेग घेतो आणि मग मंदावत आपला वेग पुढच्या भागाला देतो. शेतात पाखरं हाकणाऱ्याची गोफण अशीच चालते: अंग वळतं, हात ओढला जातो, आणि दगड सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत वेगाने सुटतो. गोल्फमध्ये या साखळीची पहिली कडी जमीन आहे. उजव्या हाताने खेळणारा डाउनस्विंगच्या, म्हणजे क्लब खाली चेंडूकडे आणण्याच्या, सुरुवातीला वजन डाव्या पायावर आणतो, त्या पायाने जमीन खाली दाबतो, गुडघा सरळ होतो आणि डावा खुबा वर आणि मागे जातो. जमिनीने परत दिलेलं हे बल अंगाला फिरवतं. म्हणून अभ्यासांमध्ये उभ्या उडीची ताकद आणि क्लबहेडचा वेग यांचं नातं वारंवार दिसतं. उंच उडणारे लोक बहुधा लांब मारतात.

पाय जुळवून काही फटके मारून बघा. पायांचा आधार काढून घेतल्यावर किती यार्ड कमी होतात ते रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दहा मिनिटांत कळेल.

आधी मोजमाप

लाँच मॉनिटरवर (फटक्याचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र) ड्रायव्हरचे दहा फटके मारा, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडून उरलेल्यांची सरासरी लिहून ठेवा. मुंबई-पुण्यात आता घरात खेळायची सिम्युलेटर केंद्रं आहेत, बऱ्याच कोचकडेही यंत्र असतं. क्लबहेडचा वेग, चेंडूचा वेग आणि कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) हे तीन आकडे पुरे.

मग शरीर तपासा. अमेरिकेतल्या टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूटने २००३ पासून अशा तपासण्यांची जी पद्धत रूढ केली, तिच्यातल्या काही घरी करता येतात.

क्लब दोन्ही हातांत डोक्यावर धरून उकिडवे बसा. टाचा जमिनीवर, क्लब डोक्यावर, मांड्या जमिनीला समांतर किंवा खाली. टाच उचलली गेली तर घोटे अडतात, क्लब पुढे पडला तर खांदे आणि पाठीचा वरचा भाग. आपल्याकडे पूर्वी सगळी कामं उकिडवे बसून होत, जेवण मांडी घालून होई. ज्यांच्या घरी ही सवय टिकली आहे त्यांना ही तपासणी सहज जमते. वीस वर्षं खुर्चीत बसून काम केलेल्यांना बहुधा जमत नाही.

खुर्चीवर गुडघे जुळवून बसा, क्लब छातीवर आडवा धरा आणि फक्त छाती वळवा. दोन्ही बाजूंना किमान ४५ अंश वळता आलं पाहिजे. जमिनीवर चिकटपट्टीने तिरकी रेघ ओढली तर आरशाशिवायही कळतं.

त्याच खुर्चीवर गुडघे जुळलेले ठेवून एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. खुबा आतल्या बाजूला किती फिरतो ते यात दिसतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याला बॅकस्विंगमध्ये उजवा खुबा लागतो, डाउनस्विंगमध्ये डावा. दोन बाजूंमध्ये मोठा फरक असेल तर नोंदवा.

एका पायावर डोळे मिटून उभं राहा. दहा सेकंद नीट उभं राहता आलं नाही तर तोल हा तुमचा कच्चा दुवा आहे. मग पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचला आणि दहा सेकंद धरा. मांडीच्या मागे पेटका आला किंवा कंबर तिरकी झाली तर नितंबांचे स्नायू काम करत नाहीत.

शेवटी ताकद. भिंतीशी उभं राहून हात वर नेऊन खडूने खूण करा, मग जागेवरून उडी मारून जास्तीत जास्त उंचावर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. दुसरं म्हणजे भिंतीला पाठ टेकून बसा आणि दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) छातीपासून पुढे ढकला. तो किती दूर पडला ते मोजा.

हे आकडे काय सांगतात ते महत्त्वाचं. उडी चांगली, बॉल लांब जातो, पण क्लबहेडचा वेग कमी, असं असेल तर इंजिन मजबूत आहे आणि अडचण वळणात किंवा तंत्रात आहे. अशा माणसाने जिममध्ये आणखी वजन उचलून फारसं मिळत नाही. वळण छान पण उडी खुजी, असं असेल तर पाय आणि नितंब यांवर काम करायचं. सगळंच कमी असेल तर सुरुवातीला प्रगती सर्वांत लवकर होते, निराश होऊ नका.

गुडघा, कंबर किंवा खांदा आधीच दुखत असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर उडी आणि जड वजन यांच्या आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या. पायात खाली उतरणारी कळ किंवा बधिरपणा असेल तर क्लब बाजूला ठेवून थेट तपासणीला जा.

पहिले चार आठवडे : वळणाची जागा मोकळी करा

कंबरेचा कणा फिरण्यासाठी घडलेलाच नाही. त्याचे पाचही मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश फिरतात. फिरण्याचं काम पाठीच्या मधल्या भागाचं आणि खुब्यांचं. ते दोन्ही आखडले की उरलेलं वळण शरीर कंबरेकडून वसूल करतं, तेही वेगाने आणि बाजूला झुकलेल्या स्थितीत. गोल्फमध्ये कंबरदुखी इतकी का दिसते याचं मोठं कारण हेच आहे. टायगर वुड्ससारख्या तयार शरीराच्या खेळाडूच्याही पाठीवर २०१४ पासून वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये मणके जोडावे लागले, आणि त्यानंतर त्याने २०१९ ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. वळणाची जागा मोकळी करणं हे वेगासाठी जेवढं आहे, तेवढंच खेळ वीस वर्षं टिकवण्यासाठी आहे.

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सकाळी चहाच्या आधी किंवा रात्री टीव्हीसमोर, पण रोज.

जमिनीवर बसून एक पाय पुढे आणि एक बाजूला, दोन्ही गुडघे काटकोनात. पाठ ताठ ठेवून पुढच्या मांडीवर झुका, काही श्वास थांबा, मग हातांचा आधार घेत गुडघे दुसऱ्या बाजूला फिरवा. सुरुवातीला ओबडधोबड वाटेल. दोन आठवड्यांत खुबे सैल झालेले जाणवतील.

कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या, हात समोर जुळवा. वरचा हात पुस्तकाचं पान उलटल्यासारखा मागे न्या, छाती आकाशाकडे उघडू द्या, गुडघे मात्र जागचे हलवू नका. श्वास सोडताना वळण वाढतं. प्रत्येक बाजूला आठ वेळा. मग हातापायांवर ओणवे होऊन एक हात मानेमागे ठेवा आणि कोपर छताकडे वळवा.

भिंतीसमोर एक पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. जमलं की पाऊल थोडं मागे घ्या. घोट्यासाठी याहून सोपा व्यायाम नाही. आणि खांद्यांसाठी बारला लोंबकळणं, वीस-तीस सेकंद. पकडही सुधारते.

तंत्रातली एक सवलत इथेच सांगतो. खुबे किंवा पाठ फारच आखडलेली असेल तर बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलली जाऊ द्या. जॅक निक्लॉस आयुष्यभर तशीच उचलत असे. पन्नाशीच्या पुढच्या खेळाडूला वळणाचे चार-दोन अंश मिळवून देणारा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. पाय जमिनीला खिळवून छाती पिळायचा हट्ट कंबरेला महागात पडतो.

पहिल्या आठवड्यापासूनच, आठवड्यातून दोनदा : ताकद

वजन उचललं की अंग आखडतं आणि गोल्फ बिघडतो, हा समज अजून क्लबहाउसमध्ये ऐकू येतो. दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेयरने तो साठ-सत्तर वर्षांपूर्वीच खोडून काढला. तेव्हा त्याला वजन उचलताना पाहून लोक नाकं मुरडत, आणि त्याने नऊ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. पुढे टायगर वुड्सने संपूर्ण टूरला जिममध्ये नेलं. पाच फूट नऊ इंचांच्या रोरी मॅकिलरॉयचे फटके धिप्पाड खेळाडूंना मागे टाकतात, त्यामागे त्याची वर्षानुवर्षांची वजनांची मेहनत आहे. पूर्ण पल्ल्यात उचललेलं वजन अंग आखडवत नाही.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, आणि झटक्याने काम करणारे तंतू सर्वांत आधी व सर्वांत जास्त घटतात. म्हणून पंचेचाळिशीत ‘स्विंग तोच आहे, पण चेंडू पोचत नाही’ अशी तक्रार सुरू होते. हे तंतू टिकवायला जड वजन आणि झटका, दोन्ही लागतात. नुसतं चालून ते टिकत नाहीत. पाळी थांबल्यानंतरच्या वयात स्त्रियांनी तर हे टाळूच नये, हाडांसाठीही.

पहिल्या दिवशी डेडलिफ्ट मुख्य. कंबर न वाकवता खुब्यातून झुकणं आणि नितंबांनी वर येणं, ही हालचाल स्विंगच्या उभं राहण्यापासून फटक्यापर्यंत सगळीकडे आहे. तीन-चार सेट, प्रत्येकी पाच-सहा वेळा. नवखे असाल तर प्रशिक्षकासमोर, हलक्या केटलबेलने (मूठ असलेलं गोल वजन) सुरुवात करा. त्यानंतर एका हाताने डंबेल ओढणं, म्हणजे रो, आठ-दहा वेळा. मग केबल किंवा रबरी पट्टा छातीसमोर धरून हात सरळ पुढे ढकलायचे आणि पट्टा बाजूला ओढत असताना अंग वळू द्यायचं नाही. जिममध्ये याला पॅलॉफ प्रेस म्हणतात. शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन ताठ चालणं.

दुसऱ्या दिवशी एक पाय पुढे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, जोर किंवा बेंच प्रेस, वरून खाली ओढायचा पुल-डाउन, कुशीवरचा प्लँक आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. जवळ जिम नसेल तर जोर-बैठका ही सुरुवात वाईट नाही. जोरांत खांदे, छाती आणि पाठीचा वरचा भाग सगळे येतात. पण दोन महिन्यांनी अंगाच्या वजनाने जोर लागेनासा होतो, तेव्हा बाहेरचं वजन लागतंच.

वजन किती? सेट संपताना आणखी दोन वेळा उचलता आलं असतं असं वाटलं पाहिजे. ते सोपं झालं की थोडं वाढवा.

पोटाच्या व्यायामाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. शेकडो सिट-अप आणि वजन हातात घेऊन बसल्या बसल्या कंबर पिळण्याचे व्यायाम गोल्फरने सोडून द्यावेत. स्विंगमध्ये पोट आणि कंबर यांचं काम पायांनी निर्माण केलेलं बल गळू न देता छातीपर्यंत पोचवणं हे आहे. त्यासाठी न वळता, न वाकता ताण सहन करायला शिकवणारे व्यायाम लागतात. कंबर पिळण्याचं काम तुम्ही रेंजवर शंभर चेंडू मारताना तसंही भरपूर करता.

खाण्याबद्दल थोडक्यात. स्नायू वाढवायचे तर रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. शाकाहारी ताटात ती आपोआप येत नाहीत. डाळ, मोड आलेली मटकी, दही, पनीर, सोयाबीन मोजून घ्यावे लागतात. अंडी खात असाल तर काम सोपं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

पाचव्या आठवड्यापासून : झटका

ताकदीचा पाया बसू लागला की ती वेगाने बाहेर काढायला शिकायचं. हे व्यायाम दिसायला सोपे आहेत, म्हणून लोक ते दमेपर्यंत करतात, आणि तिथेच चूक होते. प्रत्येक उडी आणि प्रत्येक फेक पूर्ण जोमाने, तीन ते पाच वेळा, मग दीड-दोन मिनिटं विश्रांती. वेग मंदावला की थांबा. घाम येणं हा इथे निकष नाही.

ताकदीच्या दिवशी वॉर्म-अपनंतर लगेच, अंग ताजं असताना हे करा. जागेवरून उंच उडी आणि मऊ उतरणं. ठरावीक उंचीच्या लाकडी खोक्यावर उडी. मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी डोक्यावरून जमिनीवर आपटणं. आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, भिंतीला बाजू करून उभं राहून स्विंगसारखं वळत बॉल भिंतीवर फेकणं. आधी पाय दाबा, मग कंबर, मग छाती, हात शेवटी. दोन्ही बाजूंनी करा. फक्त एकाच बाजूला वळणाऱ्या खेळात दुसरी बाजू मजबूत असली की थांबण्याची, म्हणजे फटक्यानंतरच्या फॉलो-थ्रूमध्ये अंगाला आवरण्याची ताकद येते. आवरता येणार नाही एवढा वेग शरीर निर्माणच होऊ देत नाही.

गुडघे कुरकुरत असतील तर उड्यांऐवजी केटलबेल स्विंग आणि जिन्याच्या पायरीवर झटक्याने चढणं चालेल.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनं आणि असे झटक्याचे व्यायाम यांचा आठ आठवड्यांचा मिश्र कार्यक्रम खेळाडूंना दिला गेला. क्लबहेडचा वेग सरासरी दीड टक्का वाढला आणि ड्रायव्हरची लांबी चार टक्क्यांहून थोडी जास्त. ते खेळाडू आधीच सराईत होते. कधीच व्यायाम न केलेल्या माणसाला एका मोसमात तीन ते पाच मैल मिळाले तर उत्तम समजावं. महिन्याभरात वीस यार्डांचं आश्वासन देणाऱ्यापासून लांब राहा.

सातव्या आठवड्यापासून : प्रत्यक्ष वेगाने फिरवणं

ताकद आणि झटका मिळाला तरी मेंदू जुन्याच वेगाने क्लब फिरवत राहतो. त्याला नवा वेग दाखवावा लागतो. त्यासाठी हलक्या आणि जड काठ्या वापरतात. प्रचलित संचात एक काठी ड्रायव्हरपेक्षा २० टक्के हलकी, दुसरी १० टक्के हलकी आणि तिसरी ५ टक्के जड असते. हलक्या काठीने शरीर नेहमीपेक्षा वेगाने वळायला शिकतं, जड काठीत तोच वेग टिकवायचा प्रयत्न करायचा.

मॅट फिट्झपॅट्रिकचं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. बारीक चणीच्या या इंग्लिश खेळाडूने वजन बदलता येणाऱ्या काठीने, मोजून मापून वेगाचा सराव केला, आणि २०२२ मध्ये ब्रुकलाइनला यूएस ओपन जिंकली. त्याच्या अगदी उलट वाटेने ब्रायसन डीशॅम्बो गेला. २०१९ ते २०२० दरम्यान त्याने वजन सुमारे १८ किलोंनी वाढवलं, अंग प्रचंड केलं आणि विंग्ड फुट कोर्सवर यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकली. पुढे त्याने बरंच वजन उतरवलं, तरी २०२४ ला पाइनहर्स्टवर पुन्हा तीच स्पर्धा जिंकली. हौशी खेळाडूने यातून कोणती वाट घ्यावी याबद्दल मला शंका नाही. नोकरी, घर आणि पन्नाशीचे गुडघे सांभाळणाऱ्याने फिट्झपॅट्रिककडे पाहावं.

काठ्या नसतील तर ड्रायव्हर उलटा धरा, डोक्याकडची दांडी हातात घेऊन फिरवा. सूं असा आवाज येईल. तो चेंडूच्या जागेच्या आधी आला तर वेग लवकर उधळला जातोय. तो चेंडूच्या जागी किंवा त्याच्या किंचित पुढे आला पाहिजे.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा. वॉर्म-अपनंतर प्रत्येक काठीने पाच-सहा स्विंग, एकूण पंचवीस-तीसच्या वर नाही. प्रत्येक स्विंग सर्व जोर लावून, चेंडू न ठेवता. मध्ये वीस-तीस सेकंद थांबा. लहान रडार मिळाला तर फारच चांगलं, कारण आकडा दिसला की माणूस आपोआप जास्त जोर लावतो. शेवटी आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरने तीन-चार स्विंग घ्या. क्लबवर जड कडी घालून शंभर स्विंग मारायची जुनी सवय असेल तर सोडा. मनगट आणि कोपर त्याने दुखावतात, आणि शरीर संथपणा शिकतं.

मनगटाच्या करंगळीच्या बाजूला, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कंबरेत दुखलं तर तो आठवडा वेगाचा सराव बंद. ताकद आणि वळण चालू ठेवता येतं.

आठवडा कसा बसवायचा

शनिवार-रविवार खेळणाऱ्याने मंगळवार आणि गुरुवार जिमला द्यावेत, झटक्याचे व्यायाम त्याच दिवशी आधी. वेगाचे स्विंग सोमवारी आणि बुधवारी, रेंजवर किंवा गच्चीवर. शुक्रवार पूर्ण मोकळा, फक्त वळणाचे व्यायाम. मोठी स्पर्धा असेल त्या आठवड्यात गुरुवारचं वजन निम्मं करा. बाराव्या आठवड्यात सगळंच हलकं ठेवा आणि मग पुन्हा मोजा. थकलेल्या अंगाने मोजलेला वेग खोटा असतो.

पावसाळ्यात कोर्स चिखलात असताना ताकदीचं काम पुढे रेटायला उत्तम काळ. ऑक्टोबरचा उष्मा ओसरला की वेगाचा टप्पा सुरू करा, म्हणजे थंडीच्या मोसमात नवा वेग हाती असेल.

दमसासाचीही काळजी घ्या. अठरा होल चालणं म्हणजे चार-पाच तास आणि आठ-दहा किलोमीटर. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ कोर्सवर मे महिन्यात किंवा खारघरच्या कोर्सच्या चढावर बाराव्या होलनंतर पाय जड झाले की पहिली कडीच ढिली पडते. मग माणूस हाताने वेग काढायला जातो आणि स्लाइस, म्हणजे चेंडू बाजूला वळत जाणं, सुरू होतो. आठवड्यातून दोनदा भरभर चालणं किंवा टेकडी चढणं, शक्य असेल तेव्हा गोल्फ कार्ट टाळणं, आणि तहान लागण्याआधी मीठ-साखरेचं पाणी, एवढं पुरे आहे.

खेळायच्या दिवशी

गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर जाणं हा वेग घालवायचा हमखास मार्ग आहे. तसंच, खेळण्याच्या लगेच आधी एकेक स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरणंही टाळा. त्याने क्लबहेडचा वेग तात्पुरता कमी होतो असं आढळलं आहे. ताणून धरायचे व्यायाम रात्रीसाठी ठेवा.

त्याऐवजी दहा मिनिटं हालचाल करा. पाच मिनिटं झपाझप चाला, पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवा, पुढे पाऊल टाकून त्या बाजूला छाती वळवा, पाच-सहा बैठका, चार-पाच छोट्या उड्या. मग वेज (आखूड फटक्यांचा क्लब), मधलं आयर्न आणि शेवटी ड्रायव्हर, दोन-तीन स्विंग नेहमीपेक्षा जास्त वेगाने. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी सहाला खेळणाऱ्याने यात आणखी पाच मिनिटं घालावीत.

मुलांसाठी वेगळं सांगायला हवं

दहा-बारा वर्षांच्या मुलांना या आराखड्यात घालू नका. त्यांना क्रिकेट, खो-खो, पोहणं, मल्लखांब, फेकाफेकीचे खेळ भरपूर खेळू द्या. पळणं, उडी मारणं, फेकणं यांतून मिळालेला वेग नंतर गोल्फमध्ये उतरतो. रेंजवर मुलाला कधीमधी ‘दिशा विसर, जोरात मार’ असं सांगा. लहानपणी फक्त सरळ मारायला शिकवलेलं मूल मोठेपणी वेग कमावताना अडखळतं. जड वजनाऐवजी अंगाच्या वजनाचे व्यायाम आणि जाणत्या प्रशिक्षकाची देखरेख, एवढं पौगंडात पुरतं.

बारा आठवड्यांनंतर

त्याच यंत्रावर, शक्यतो त्याच चेंडूने आणि त्याच वेळी पुन्हा दहा फटके मारा. उडी आणि मेडिसिन बॉलची फेकही मोजा.

उडी वाढली पण क्लबहेडचा वेग नाही, तर ताकद आली आहे आणि ती स्विंगमध्ये उतरलेली नाही. वेगाचा टप्पा आणखी सहा आठवडे चालवा आणि कोचकडून कंबर-छाती-हात हा क्रम तपासून घ्या. क्लबहेडचा वेग वाढला पण स्मॅश फॅक्टर घसरला, तर काही दिवस वेग जरा आवरून मध्यावर मारण्याचा सराव करा. पावडर फवारून क्लबच्या तोंडावर ठसा कुठे उमटतो ते पाहता येतं. दोन्ही वाढले आणि तरी चेंडू लांब जात नाही, तर दोष बहुधा क्लबचा आहे. पाच मैल वेगवान झालेल्या खेळाडूला जुनी लवचिक शाफ्ट (क्लबची दांडी) आणि जुना लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) बसेनासे होतात, चेंडू उंच चढतो आणि जास्त फिरकीमुळे वरच थबकतो. नवा ड्रायव्हर घेण्याआधी फिटिंग, म्हणजे क्लब आपल्या स्विंगला जुळवून घेणं, करून घ्या. अनेकदा लॉफ्ट एक अंश बदलून किंवा फक्त शाफ्ट बदलून काम भागतं.

त्यानंतरच्या मोसमात ताकदीचे दोन दिवस तसेच चालू ठेवा, वेगाचे स्विंग आठवड्यातून एकदा, आणि दर तीन महिन्यांनी मोजमाप.